गाडीची बोहणी

"पोतं नीट बांधा मॅडम," दाराला हात टेकून भाऊराव झाडे म्हणाले. "नाई तं खाली पडंल अन् पोत्याची कंबर मोडंल."

त्यांच्यामागे उभे असलेले दोघं हसले. मी रुग्णवाहिकेच्या आत गुडघ्यांवर बसून स्ट्रेचरवरच्या रेतीच्या पोत्याला पट्टे आवळत होते. पोत्याच्या मध्यावर काडेपेटीएवढं एक यंत्र चिकटवलेलं होतं. गाडी चालताना स्ट्रेचरवरच्या माणसाला किती हादरे बसतील, ते त्यातून कळायचं.

"काका, पोतं म्हणू नका. हा माझा पेशंट आहे."

"पेशंट? वजन किती याचं?"

"साठ-सत्तर किलो."

"म्हणजे आपला टेकाम झाला हा. असं करा, टेकामले झोपवा तिथं अन् पोत्याले स्टेअरिंगवर बसवा. गाडीले काई फरक पडत नाई."

"खाली उतरून येऊ का बे?" पुढून टेकामकाकांचा आवाज आला. "लई दिवस झाले तुह्यावर हात नाई टाकला."

"ये ना! रुग्णवाहिका तं उभीच आहे."

"तुले तं पायीच पाठवतो दवाखान्यात."

मी पट्टा ओढून घेतला, दार लावलं आणि टेकामकाकांनी गाडी खाणीच्या रस्त्याला काढली. डिसेंबरची सकाळ होती. बाहेर काळी धूळ उडत होती आणि आत मात्र पांढरी चादर पांढरीच राहिली होती, याचा मला फार आनंद झाला होता. तसा आनंद नोकरीच्या पहिल्या वर्षातच होतो.

मी तेव्हा भौतिकशास्त्राची पदवी आणि वैद्यकीय उपकरणांचा अभ्यासक्रम संपवून पुण्यातल्या एका कारखान्यात लागले होते. आम्ही दूरच्या खाणी, धरणं, बोगदे अशा ठिकाणांसाठी रुग्णवाहिका बांधायचो. शहरातली रुग्णवाहिका तिथे चालत नाही. चाकं उंच लागतात, चारही चाकांना जोर लागतो. खाणीत शिरताना डंपरच्या चालकाला दिसावा म्हणून छतावर काठीला झेंडा लागतो, कारण घराएवढ्या डंपरच्या चाकाशी उभी असलेली गाडी वरून दिसतच नाही. आत गाळलेली हवा सतत ढकलावी लागते, म्हणजे फटींतून धूळ आत न येता हवाच बाहेर जाते. स्ट्रेचर थेट गाडीच्या तळाला न जोडता हवेच्या फुग्यांवर बसवतात. हे सगळं कागदावर मला पाठ होतं. गाडी वणीच्या पलीकडे बेलझरीच्या खुल्या कोळसा खाणीत पोहोचवून, तपासून, तिथल्या लोकांना शिकवून परत यायचं, एवढं माझं काम. आठवडाभराचं.

दोन फेऱ्या झाल्या. पोतं छान निभावलं. खाणीच्या जीपच्या मागच्या सीटवर तेच यंत्र ठेवून घेतलेल्या हादऱ्यांच्या पाव हिस्सासुद्धा हादरे स्ट्रेचरवर बसत नव्हते. मी उत्साहाने उतरून दवाखान्यात आले. सिस्टर रामटेके स्टोव्हवर चहा ठेवत होत्या. दवाखाना म्हणजे तीन खोल्या, चार खाटा आणि अंगणात एक कडुनिंब. डॉक्टर आठवड्यातून तीन दिवस यायचे. बाकी सगळा कारभार सिस्टरांचा.

"सिस्टर, झालं. उद्यापासून गाडी कामाला लावता येईल."

सिस्टरांनी दाराकडे पाहिलं. दारात भाऊराव चहासाठी टेकलेलेच होते.

"लागंल ना कामाले," ते म्हणाले. "नलू बाळंत झाली का लागंल."

"नलू कोण?"

"टेकामची पोरगी. बाळंतपणाले माहेरी आली आहे."

"तिचा आणि गाडीचा काय संबंध?"

मग मला बोहणीचं कळलं. दुकानदार सकाळचं पहिलं गिऱ्हाईक सोडत नाही, ती बोहणी. पहिलं जसं गेलं तसा दिवस जातो. खाणीतही नवं यंत्र आलं की पहिला घास कोळशाचाच भरतात, मातीचा नाही. भाऊराव प्लांटचे फिटर होते, कोळसा फोडून पट्ट्यावर चढवतात तिथले, आणि या बाबतीत सगळ्यांचे पुढारी. त्यांनी चहाच्या टपरीवर सगळ्यांना जमवून ठरवून टाकलं होतं की नव्या गाडीची बोहणी चांगल्या माणसाची व्हायला हवी. नलू वणीच्या दवाखान्यात बाळंत होईल आणि बाळाला घेऊन गाडीतून घरी येईल. ती पहिली फेरी. त्यानंतर कोणालाही न्या.

"नारळ फोडला की साहेबांनी!" मी म्हणाले.

"नारळ फोडला. बोहणी कुठं झाली?"

"आणि माझं पोतं? दोनदा जाऊन आलं."

भाऊरावांनी गंभीरपणे विचार केला. "पोतं जितं आहे का मेलं?"

"दोन्ही नाही."

"मग नाई धरत."

ते बशीतला चहा पिऊन गेले. सिस्टर म्हणाल्या, "हसू नको गं. जुन्या गाडीचं तुला माहीत नाही. पहिल्याच दिवशी तिच्यातून दोन मयतं गेली, दरड कोसळली होती तेव्हा. मग तिचं नाव पडलं मुर्दागाडी. कोणी चढेना. हात मोडला, जीपने न्या. छातीत दुखतंय, जीपने न्या. अगदीच शेवट आला की मग घरचे म्हणायचे, आता घाला गाडीत. तो वाटेत जायचा."

मला तिथेच त्यातली गंमत दिसली. गंमत म्हणजे शास्त्रातली. शेवटच्या घटकेलाच गाडीत बसवायचं आणि मग म्हणायचं की गाडीत बसलेला जगत नाही. दुसऱ्या दिवशी मी भाऊरावांना गाठून हे व्यवस्थित समजावलं. ते उकडलेल्या तुरीच्या शेंगा सोलत ऐकत होते. मध्येमध्ये मलाही शेंगा देत होते.

"म्हणजे," शेवटी ते म्हणाले, "बसले ते मेले, हे तं खरं ना?"

"खरं, पण त्याचं कारण..."

"झालं मंग. कारण तुमच्यापाशी ठेवा."

नलू मला त्याच दिवशी भेटली. रक्तदाब तपासायला ती रोज दवाखान्यात यायची. तिचं पहिलं मूल सातव्या महिन्यातच गेलं होतं, म्हणून सिस्टर तिला एक दिवसही चुकवू देत नसत. एकवीस-बावीसची, बारीक चणीची, बोलताना मान किंचित कलती करणारी. गळ्यात काळ्या दोऱ्यातला ताईत, दंडाला अजून एक, ओच्याला लिंबू बांधलेलं. अंगणातून येताना ती गाडीपासून लांबून, कुंपणाच्या कडेने यायची. गाडीची सावलीही अंगावर पडू द्यायची नाही.

"घाबरतेस काय गाडीला?" मी विचारलं.

"बाळ झाल्यावर बसायचं आहे मले तिच्यात," ती म्हणाली. "आत्ता नाई. पोट घेऊन अशा गाडीजवळ जात नसतात, माय म्हणते." मग हळूच, "आतून कशी आहे वो?"

मी तिला लांबूनच सगळं सांगितलं. फुग्यांवरचं स्ट्रेचर, प्राणवायू, हवा काढून घेतली की दगडासारखी घट्ट होणारी गादी. तिने फार प्रश्न विचारले. हवा काढल्यावर गादी कडक कशी होते, मऊ व्हायला पाहिजे ना? मी तिला कॉफीच्या बंद पाकिटाचं उदाहरण दिलं. ते तिने पाहिलेलं नव्हतं. मग मी चणे भरलेली प्लास्टिकची पिशवी तोंडाने हवा ओढून कडक करून दाखवली. ती इतकी हसली की सिस्टर ओरडल्या, "नले, रक्तदाब घ्यायचाय मला!"

येणारे-जाणारे कामगार तिला विचारायचे, "काय नलूताई, कवा?" आणि ती म्हणायची, "तुमची गाडी पुसून ठेवा, येतोच आमी."

माझा मुक्काम संपायला दोन दिवस होते. दुपारच्या आधी नलू खाटेवर बसून दंडाला पट्टा बांधून घेत होती, मी गाडीत सामान लावत होते आणि प्लांटच्या बाजूने खाणीची जीप हॉर्न वाजवत अंगणात शिरली. मागे भाऊराव आडवे होते. त्यांचे दोन सोबती त्यांना मांडीवर धरून बसले होते. पट्ट्याच्या मचाणावरून पडले होते ते. उंची फार नव्हती, पण पाठीवर, लोखंडी पाइपवर.

सिस्टर धावत आल्या. त्यांनी पाहिलं, बोटांनी तळव्यांना टोचलं. "भाऊराव, पायाची बोटं हलवा." बोटं हलली. थोडी. "मुंग्या येतात?"

"येऊन राह्यल्या."

"कमरेखाली?"

"हाव."

सिस्टरांचा चेहरा मी पाहिला. त्यांनी सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "मणक्याला लागलंय. पाय अजून हलतायत. इथून पुढे कंबर वाकली, जोराचा धक्का बसला, तर हलायचे नाहीत. कायमचे. जीपमधून एक हातभरही पुढे न्यायचं नाही. शाल्मली, ती गादी काढ."

मी गादी काढली. दोन भागांत उघडणारं स्ट्रेचर काढलं. ते दोन्ही बाजूंनी अंगाखाली सरकवतात, म्हणजे माणसाला उचलावं लागत नाही. आम्ही भाऊरावांना जीपमधून अलगद काढून गादीवर घेतलं, मी पंपाने हवा काढली, गादी त्यांच्या अंगाभोवती घट्ट झाली. टेकामकाकांनी गाडीचं मागचं दार उघडलं, आणि भाऊराव म्हणाले,

"नाई."

"काय नाही?" सिस्टर म्हणाल्या.

"गाडीत नाई. ही गादी जीपमध्ये टाका अन् न्या मले."

"जीपमध्ये मावते का ही? अर्धे बाहेर लोंबाल."

"मंग ट्रॅक्टर आणा. ट्रकमध्ये टाका." त्यांचा श्वास तुटत होता. "मीच सगळ्यांले म्हणलं होतं, सिस्टर. चांगल्या माणसाची बोहणी करा म्हणून. माह्यावर झाली तं गाडी गेली. मंग कोणी चढंल का तिच्यात? पुन्हा मुर्दागाडी."

"तुम्ही मरत नाही आहात!"

"तुमाले काय ठाऊक?"

सोबत्यांपैकी एकाने सिस्टरांकडे न पाहता म्हटलं, "त्यायचं म्हणणं चुकीचं नाई, सिस्टर. ट्रक सांगतो मी, पाच मिन्टात येते."

ट्रक म्हणजे खडीचा रस्ता, पोलादी तळ. माझ्याकडे त्या रस्त्याचे आकडे होते. ट्रकच्या तळावर गादी असती तरी मणक्याला किती हादरे पोहोचले असते ते मला माहीत होतं. मी म्हणाले, "मी झोपते आधी. मी जिवंत आहे, धडधाकट आहे. काका, गाडी एकदा फिरवा. माझी बोहणी करा आणि मग यांना घ्या."

टेकामकाका आशेने भाऊरावांकडे बघायला लागले. भाऊरावांनी डोळे माझ्याकडे वळवले.

"तुमी मानता का हे, मॅडम?"

खोटं बोलायला हवं होतं. मला सुचलं नाही. "नाही," मी म्हणाले.

"मंग तुमची नाई लागत."

कोणीतरी ट्रकसाठी फोन लावला. सिस्टर ओरडत होत्या, "मी पोलिसांना सांगेन, बळजबरीने घालेन आत," पण चार माणसांशिवाय ती गादी उचलली जात नव्हती आणि चारही माणसं खाली बघत उभी होती. टेकामकाका दाराची कडी धरून होते. दार ते लावतही नव्हते आणि सोडतही नव्हते.

तेव्हा नलू दवाखान्याच्या पायऱ्या उतरली. दंडाला रक्तदाबाचा पट्टा तसाच होता, त्याची नळी लोंबत होती. ती आमच्यामधून सरळ गाडीकडे गेली. मागच्या पायरीवर पाय ठेवून चढता येईना, तशी तिने वडिलांकडे हात केला.

"बाबा, हात द्या."

"नले, तू..."

"हात द्या ना वो."

अंगणाच्या कुंपणाशी तिची आई होती, डबा घेऊन आली असावी. तिचा आवाज मला अजून ऐकू येतो. "नले! उतर! उतर पोरी, पोट आहे तुह्यं!" ती धावत आली तोवर नलू आत चढली होती. स्ट्रेचरवर एका कुशीवर आडवी झाली, दोन्ही हात पोटावर ठेवले आणि डोळे मिटून घेतले.

"बाबा, चालवा."

टेकामकाका कसे पुढे गेले मला कळलं नाही. गाडी सुरू झाली. कडुनिंबाला वळसा घालून, टपरीवरून, कुंपणाच्या बाहेरच्या रस्त्याने जाऊन पुन्हा फाटकातून आत आली. चालण्याच्या वेगाने. नलूची आई सगळा वेळ गाडीमागून चालत होती, पदर तोंडात धरून. अंगणातल्या कोणीही जागा सोडली नाही.

गाडी थांबली. मी दार उघडलं. नलू उठून बसली, माझा हात धरून एक-एक पाय टाकत खाली आली आणि गादीवरच्या भाऊरावांच्या डोक्याशी उभी राहिली. चेहरा पांढरा पडला होता, पण आवाज स्वच्छ होता.

"दोन जीव बसले, काका. दोन जीव उतरले. झाली बोहणी. आता जा."

भाऊराव तिच्याकडे पाहत राहिले. त्यांच्या कानाकडे पाणी ओघळलं. "पोरी," ते म्हणाले, "हे तुले कोणी सांगतलं होतं?" मग सोबत्यांकडे पाहून, "पाहून काय राह्यले बे? उचला."

चंद्रपूरपर्यंत मी आणि सिस्टर मागे होतो. टेकामकाकांनी तशी गाडी पुन्हा चालवली नसेल. खाणीच्या रस्त्यावर समोरून येणारे डंपर कडेला घेऊन थांबत होते. छतावरचा झेंडा दिसत होता, की बातमी पुढे पोहोचली होती, कोण जाणे. एका खड्ड्यात गाडी वाकली तेव्हा भाऊरावांनी डोळे उघडले.

"मॅडम, पोत्यापेक्षा कमी हलून राह्यलो ना मी?"

"कमी," मी म्हणाले. "तुम्ही चांगले पेशंट आहात."

"पोत्याले सांगा."

चंद्रपूरच्या दवाखान्यात त्यांची शस्त्रक्रिया संध्याकाळीच झाली. ते चालायला लागले, काठी घेऊन, आणि पुढे प्लांटऐवजी स्टोअरमध्ये बसायला लागले. तिथून त्यांनी आणखी किती नियम काढले असतील, ते सिस्टरच जाणोत. गाडी त्याच आठवड्यात कामाला लागली. एका मुलाचा पाय भाजला होता, त्याची आजी स्वतः त्याला घेऊन चढली आणि सीटवरून हात फिरवून म्हणाली, टेकामच्या पोरीची गाडी ना ही? नाव पडलं ते तेच. नलूला मुलगी झाली हे सिस्टरांनी मला पुण्याला फोनवर कळवलं. दोघी सुखरूप. पाठीमागे कुणीतरी ढोलकी वाजवत होतं.

या सगळ्याला आता बरीच वर्षं झाली. मी कितीतरी गाड्या बांधल्या, अजून दूरच्या ठिकाणी पाठवल्या. स्ट्रेचरचे फुगे आता अधिक चांगले आहेत. पण कोणी विचारलं की पहिली गाडी कुठली, तर मला ती फोनवरची ढोलकीही आठवत नाही. आठवते ती निघण्याच्या आदल्या दिवसाची संध्याकाळ, जेव्हा मुलगी अजून व्हायची होती.

मी टेकामकाकांच्या क्वार्टरवर निरोप घ्यायला गेले होते. आत नलूची आई भाकरी थापत होती. तिने मला चहा दिला, पण लेकीशी ती एक शब्द बोलत नव्हती. देवापुढे दिवा लावून ठेवलेला, दाराला नवी लिंबू-मिरची, नलूच्या मनगटाला आणखी एक दोरा. नलू ओट्यावर भिंतीला टेकून बसली होती. दूरवर खाणीतून डंपरची घरघर येत होती आणि हवेत थंडी उतरत होती. मी तिच्याशेजारी बसले.

"नलू, एक विचारू?" मी म्हणाले. "तू हे खरं मानत नव्हतीस ना? सगळ्यांना मनवायला म्हणून चढलीस."

ती माझ्याकडे बघून हसली. लहान पोराच्या प्रश्नाला हसतात तशी.

"मानते ना. मानते म्हणून तं चढली. मानत नसती, तं माह्या चढण्यानं कोणाचं काय झालं असतं?"

मी विचारलं, "आणि बाळाला काही झालं असतं तर?"

ती दोरा मनगटावर फिरवत राहिली. आतली भाकरी थापण्याची थाप थांबली होती.

"तं मायनं म्हणलं असतं, तूच केलं," नलू म्हणाली. "अन् मीबी तेच म्हणलं असतं. जन्मभर." मग पोटावर हात ठेवून ती खाणीच्या बाजूला पाहायला लागली. "पण वरून पाह्यलं होतं मी, दवाखान्याच्या पायरीवरून. काकांच्या पायाची बोटं. कोणी पाहून नव्हतं राह्यलं, तरी ते एकटेच हलवून पाहून राह्यले होते."